बिनपायांचे तुकडे

२७ ऑक्टोबर
संत दिमितरच्या सणाच्या दुसऱ्या दिवशी

बिल्याना,

पत्र पोचलं. फोटोही पोचला. पोरगी तुझ्या वळणावर गेलीय, कान मात्र माझे घेतलेत, बाहेर आलेले. घाबरू नकोस, टोपीत झाकतात.

नाव गेर्गाना ठेवलंस. आपल्याकडे पोरीला आजीचं नाव देतात, तू आजीचं नुसतं पहिलं अक्षर दिलंस. असो. गेना हे तरी काय नाव आहे, म्हशीला हाक मारल्यासारखं. एक अक्षर पुरे.

तू विचारतेस, "आजी, तीन वर्षं झाली, अजून राग गेला नाही का? दर रविवारी फोन करते, वाजून वाजून बंद होतो." राग असता तर मी तसं कळवलं असतं. मी कधी काही पोटात ठेवलेलं आठवतंय का तुला? फोन बिघडलाय. तिकडून वाजत असेल, इकडे वाजत नाही. आणि वाजला तरी त्यात तू उंदरासारखी बोलतेस. तू आपली लिहीत जा. माझी शाळा चौथीपर्यंत, तीही निम्मी मेंढ्यांमागे गेली, पण वाचता येतं मला.

पोरगी धरून उभी राहते म्हणतेस. आणि पहिली पावलं टाकली की रोटी करणार, मध लावून, आणि टेबलावर कात्री, पुस्तक, कंगवा, काय काय मांडणार, ती चालत जाऊन काय उचलते ते बघणार. तू काय उचललं होतंस माहीत आहे का? तुझी आई स्पेनला जायच्या आधीची गोष्ट. तू माझी पक्कड उचललीस आणि तोंडात घातलीस. मी म्हटलं, झालं, ही पण कारखान्यात जाणार.

"तू आल्याशिवाय रोटी भाजणार नाही," असं लिहिलंस. हे धमकीचं पत्र आहे की आमंत्रण? मला जमायचं नाही. गुडघे आहेत, कोंबड्या आहेत, कोबीचं पिंप आत्ताच घातलंय, ते रोज ढवळायला लागतं. प्लॉव्दिव्हला यायचं म्हणजे सोफियाला बस बदलायची, तिथे ती बाई भोंग्यातून काहीतरी सांगते आणि सगळे पळतात. कुठे पळायचं ते मला कोण सांगणार?

इकडचं सगळं ठीक. परवा शेजारच्या मिंकानं माझं दार इतकं बडवलं की कडी निसटली. आत येऊन म्हणते, "मेलीस का काय?" मी म्हटलं, झोपले होते. भर दुपारी चुलीसमोर उभ्यानं. नवा पाद्री आळशी आहे, चर्चची घंटा वाजवतच नाही.

एंचोच्या बसमधून मिरच्यांच्या चटणीच्या बरण्या पाठवल्यात. त्यातली एक बोयानची. नातजावई बारीक दिसतो फोटोत.

आजी

•

७ डिसेंबर
निकोलासच्या सणाचा मासा खाऊन झाल्यावर

बिल्याना,

मिंका आता माझी कोणी लागत नाही. चाळीस वर्षांची मैत्रीण, आणि तू एक फोन केलास तर तिनं सगळं ओतून टाकलं. "गेना दगडासारखी बहिरी झालीय." दगडासारखी नाही. डाव्या कानाला दार आपटलेलं कळतं. मिंका ओरडली की तेही कळतं. ती ओरडते तेव्हा अख्ख्या गल्लीला कळतं, आमचं दोघींचं खासगी असं काही उरलेलं नाही.

बरं, कळलं तुला. फोन उचलत नव्हते ते म्हणून. वाजलेला समजला तर उचलणार ना. आणि एकदा दोनदा समजला तेव्हा उचलला, तर तू बोलतेयस आणि मला नुसती चक्कीची घरघर. काय उत्तर देणार? 'हं' म्हणून ठेवून दिला. तुला वाटलं आजी तुसडेपणा करतेय. वाटू दे म्हटलं. बहिरी समजण्यापेक्षा तुसडी बरी. तुसडी तर मी होतेच.

आता दया दाखवू नकोस, मला त्याचा फार कंटाळा येतो.

तुझ्या आजाचा तो जुना ऐकायचा डबा काढला ट्रंकेतून. छातीवर अडकवायचा, वायर कानात. घातला तर घरघर आणि शिट्टी, शिट्टी आणि घरघर. एप्रन खाली ओढला जातो. मिंका म्हणाली, "सरहद्दीवरच्या शिपायासारखी दिसतेस." उघडून बघितला तर आत आमच्याच कारखान्यातल्या हॉलसारखं काम. तुकडे तारेच्या पायांवर उभे, पाय बोर्डाच्या भोकांतून खाली, मागे डाख. एकाचा पाय तुटला होता, तो मी डाखला. हात अजून थरथरत नाही, ते एक बरं आहे. पण घरघर गेली नाही.

आणि तू काय लिहितेस? तुझ्या कारखान्यात कानामागे बसणाऱ्या यंत्राचे बोर्ड बनतात, घेवड्याच्या दाण्याएवढ्या यंत्राचे. तुझीच लाइन आहे. "आजी, तू फक्त कान तपासून ये, बाकीचं मी बघते."

म्हणजे ते बोर्ड भरणार त्याच तुकडे बसवायच्या यंत्रावर. त्याच, जे तू इथे आमच्या मालकाला घ्यायला लावलंस.

तू तुझी बाजू तीन वर्षांपूर्वी ईस्टरच्या टेबलावर सांगितली होतीस, माझं कोकरू गार होईपर्यंत. आता माझी लिहून देते. आम्ही त्या हॉलमध्ये पायांचे तुकडे भोकात घालत होतो, पाय मागे वाकवत होतो, डाखाच्या कढईवरून बोर्ड नेत होतो, पाय छाटत होतो. त्या पायांवर तू मोठी झालीस, तुझं कॉलेजही झालं. मग तू इंजिनियर होऊन आलीस, मालकाला म्हणालीस, आता बिनपायांचे तुकडे येतात, यंत्र बसवतं ते. यंत्र आलं, हॉल रिकामा झाला. मी पेन्शनीत निघाले, माझं काय. पण मिंका? व्हास्का? व्हास्का इटलीत कोणाच्या तरी म्हातारीला भरवतेय, तिची स्वतःची म्हातारी इथे एकटी. मी तेव्हा म्हटलं की तू आमचे पाय छाटलेस. तू उठून गेलीस. जावं लागलं असेल. मीही उठले असते.

आता मला एवढंच सांग. पाय नसताना तुकडा टिकतो कसा? पाय भोकातून गेला, वाकला, डाख बसला की तो जन्माचा बसला. तुझं म्हणजे गुंडी टाका न घालता डिंकानं लावल्यासारखं. ते मी कानाला लावायचं?

मासा बरा झाला होता. काटे फार.

आजी

•

२१ जानेवारी
आज सुइणींचा, म्हाताऱ्यांचा सण, पोरींनी माझे हात धुतले

बिल्याना,

तू पाठवलेलं नापास बोर्ड आणि भिंग मिळालं. डबी उघडली तर आत काही दिसेना. मिंकाला म्हटलं, एंचोनं वाटेत विकून खाल्लं वाटतं. मग कापसाला चिकटलेलं दिसलं. माझ्या अंगठ्याच्या नखावर बसलं, वर नख उरलं.

भिंगातून बघितलं. अगं बाई. अख्खं गाव वसवलंयस त्यावर. आणि उलटं केलं, तर पाठीवर आणखी एक गाव.

ते बराच वेळ बघत बसले, खरं सांगते. आमच्या बोर्डाची एक बाजू तुकड्यांची, दुसरी नुसती त्यांचे पाय पसरायला. इकडे एक तुकडा ठेवला की तिकडची जागा गेली. तुझ्याकडे भोकंच नाहीत, तर दोन्ही बाजूंना वस्ती. पाय सरळ करायचे नाहीत, वाकवायचे नाहीत, छाटायचे नाहीत. संध्याकाळी आम्ही छाटलेले पाय झाडूनं गोळा करायचो, सूपभर निघायचे. तेव्हा वाटायचं, केवढं काम केलं आज. आता वाटतं, जे कापून फेकायचं ते मुळात लावलंच कशाला?

तुझं उत्तर वाचलं, दोनदा. आधी चाळणीतून डाखाचं लोणी फासता, जिथे तुकडा बसायचा तिथेच. मग यंत्र तुकडे चोचीनं उचलून ठेवतं, मी चहात साखर ढवळते तेवढ्यात बोर्ड भरून मोकळं. मग सगळं बोर्ड भट्टीत, पापुद्र्यांची बानित्सा भाजतात तसं. लोणी वितळतं, निवलं की पक्कं.

त्या आजाच्या डब्यातला पाय कसा तुटला ते मला ठाऊक होतं. तुकडा उंच, पाय बारीक, छातीवर रोज हिंदकळायचा, एक दिवस मान मोडली. तू म्हणतेस, तुझे तुकडे इतके हलके आणि बोर्डाला इतके बिलगून की हादरे बसले तरी हलायला त्यांच्याकडे काही नाहीच. आणि लांब पाय हवेतला भलता आवाज पकडतात, डब्याची निम्मी घरघर त्यातली, ते इथे नाही. हे पटलं. लिहून ठेव, पटलं म्हणून.

पण तू हेही लिहिलंस की जिथे वायर घालायची-काढायची, ओढाताण व्हायची, ते भाग तुम्ही अजून पायांवरच बसवता. हे वाक्य मी मिंकाला वाचून दाखवलं. मोठ्यानं.

एका गोष्टीवर मात्र विश्वास बसत नाही. तुकडा वाकडा ठेवला गेला तरी भट्टीत डाख वितळला की तो आपला आपण सरळ होऊन जागेवर बसतो? कोणी हात न लावता? आमच्याकडे वाकडा तुकडा लावला की फोरमन बोटांवर पट्टी मारायचा. हे मला डोळ्यांनी बघायला लागेल.

आणि ते दुसरं. एक टोक आधी तापलं आणि दुसरं थंडच राहिलं, तर तुकडा एका टोकावर उभा राहतो, थडग्याच्या दगडासारखा, म्हणून दोन्ही टोकं बरोबर तापायला लागतात. हे तू मला कशाला लिहिलंस, कोणत्या दोन टोकांबद्दल, ते कळलं हं. चौथी शिकलेय, पण एवढी मठ्ठ नाही.

मिंकाशी बोलणं सुरू केलंय, कारण बानित्साचं पीठ ती माझ्यापेक्षा पातळ ओढते. ती बस-स्टँडवर बानित्सा विकते आता. तिला भिंग दिलं. म्हटलं, "हे बघ. याच्यापायी तुला घरी बसवलं."

तिनं भिंग लावलं, काढलं, पुसलं, परत लावलं. मग माझ्या डाव्या कानात ओरडली, "गेने, माझे डोळे यंत्राच्या आधीच गेले होते! शेवटच्या वर्षी माझे निम्मे बोर्ड कोण डाखत होतं?"

"कोण?"

"तूच की गं! जेवायच्या सुट्टीत! आणि मला म्हणायचीस, मला भूक नाही!"

"बोर्ड नापास झाले असते तुझे."

"तेच म्हणतेय मी! तीन वर्षं माझ्या नावानं पोरीशी भांडतेयस, मला एकदा तरी विचारलंस का?"

विचारलं नाही. पण व्हास्काला विचारायची सोय नाही. ती सणालासुद्धा येत नाही. तेव्हा माझं सगळंच चुकलं असं तू समजू नकोस. अर्धं.

आज गावातल्या पोरींनी रिवाजाप्रमाणे माझे हात धुतले आणि टॉवेल दिला. मी ज्यांना जन्माला येताना धरलं त्यांच्याही पोरी होत्या त्यात. काहीतरी गात होत्या. तोंडं हलत होती सगळ्यांची, मी मान हलवत होते. तुझ्या पोरीचं तोंड असंच हलताना बघायचं म्हटलं तर नको वाटलं मला. म्हणून व्रात्साला जाऊन आले कान तपासायला. मिंका सोबत आली होती. त्यांनी कागद दिलाय, डोंगराच्या उतारासारखी रेघ आहे त्यावर. सोबत पाठवलेल्या चटणीच्या बरणीखाली ठेवलाय, तेल लागलं असेल तर पुसून घे.

आजी

•

१२ फेब्रुवारी

बिल्याना,

यंत्र आलं. घातलं. ऐकू येतं. छान आहे. तुझे आभार. बोयानलाही सांग.

थंडी आहे. कोंबड्या बऱ्या आहेत. मिंकाच्या कुत्रीला माझ्याच ओट्याखाली पिल्लं झाली, चार, दोन दिवसांनी कळलं मला.

फोन करू नकोस, तो अजून बिघडलेलाच आहे.

आजी

•

१ मार्च
लाल-पांढरा धागा बांधायचा दिवस

बिल्याना,

तू लिहितेस, "आजी, तू मला आभार म्हणालीस. काय झालं ते खरं सांग."

खरं सांगते. बसून वाच.

यंत्र आलं तेव्हा चाललं. चार दिवस चाललं. पहिल्यांदा कानामागे अडकवलं आणि बटण दाबलं, तर खोलीत कोणीतरी शिरलं. मी वळून बघितलं. माझ्याच चपला होत्या. मग घड्याळ. ते बंद पडलंय असं मी वर्षभर समजत होते. मग मिंका आली आणि सवयीनं ओरडली, मी खुर्चीतून उडाले. तिला म्हटलं, "हळू बोल, बाई, मी काय बहिरी आहे?" ती रडायला लागली. मग बिस्किट खायला लागली, तेही ऐकू आलं. ती फार वाईट चावते.

पाचव्या दिवशी त्या कानात जायच्या नळीला मळ दिसला. कानाचा मळ, त्यात काय लपवायचं. तू बरोबर कागद दिला होतास, कोरड्या फडक्यानं पुसा म्हणून. कोरड्यानं काय निघतंय? आम्ही हॉलमध्ये डाख झाला की बोर्डावरची राळ स्पिरिटनं धुवायचो. ब्रश घ्यायचा, स्पिरिटात बुडवायचा, बोर्ड लखलखीत. हजारो बोर्ड धुतले असतील या हातांनी, एकाला काही झालं नाही. घरात स्पिरिट नव्हतं. राकिया होती. आलुबुखाराची, दोनदा गाळलेली, तुझ्या आजाच्या भावानं काढलेली, काडी लावली तर निळी पेटते. मी वाटीत ओतली आणि यंत्र आत सोडलं. ब्रश फिरवला. चुलीच्या कडेला वाळवलं.

मग कानाला लावलं. काही नाही. चपला गेल्या, घड्याळ गेलं.

मी दुसऱ्यांदा बुडवलं, पहिल्यांदा नीट धुतलं गेलं नसेल म्हणून. हेही सांगून टाकते.

मिंका म्हणाली, "लिही तिला." मी म्हटलं, नाही लिहिणार. ती म्हणाली, "अगं, राकियात बुडवलंस, विहिरीत तर नाही ना टाकलंस!" तिला कळत नाही. तू ते बोर्ड स्वतः बसवलंस. कारखान्याची पाळी संपल्यावर थांबून, बोयाननं पोर सांभाळली तेव्हा, असं त्याच्या चिठ्ठीत होतं, तू लिहिलं नव्हतंस. तुला वाटलं असतं, म्हातारीनं मुद्दाम मोडलं. यंत्राच्या रागानं मोडलं. तीन वर्षं जी बाई फोन उचलत नाही तिच्याबद्दल असं वाटणं काही कठीण नाही. त्यापेक्षा ऐकू येतं म्हणणं सोपं होतं.

मुद्दाम नाही मोडलं, बिल्याना. ते मला स्वच्छ ठेवायचं होतं.

कापसात गुंडाळून एंचोजवळ दिलंय. वास येईल. पत्राबरोबर धागा आहे, लाल-पांढरा, पोरीच्या मनगटाला बांध, करकोचा दिसेपर्यंत सोडू नकोस. तिनं हात सोडून पावलं टाकली असं तू लिहिलंस. आणि रोटी अजून भाजली नाहीस. काय चाललंय तुझं? पोर शाळेत पळत जाईल आणि तू पीठ चाळत बसशील. माझ्यासाठी थांबू नकोस. मी आता येऊन तरी काय करणार आहे, मान हलवत बसणार.

आजी

•

२६ मार्च
काल सण होता, पहिल्यांदा कोकिळा ऐकायचा दिवस

बिल्याना,

तुझं पत्र मी मिंकासमोर वाचलं आणि ती इतकी हसली की तिला पाणी द्यायला लागलं. "आजी, आमच्याकडे यंत्रं तपासायला येतात ती कुत्र्यानं चावलेली, सुपात पडलेली, पँटबरोबर धुतलेली. राकियातलं हे पहिलंच. सगळी लाइन वास घ्यायला आली." हसा. मालकालाही दे एक थेंब.

पण पुढचं मी तीनदा वाचलं. बोर्डाला काही झालं नाही. भिंगाखाली सगळं तपासलंस, एकाही तुकड्याचा डाख सुटला नव्हता, एकही जागचा हलला नव्हता, उलट लखलखीत होता. बिचारा मेला तो फक्त आवाज आत घेणारा आणि कानात सोडणारा, त्यांच्या बारीक जाळ्यांत राकिया शिरली म्हणून. ते तू बदललेस. म्हणजे बोर्ड कसं धुवायचं ते मला येत होतं. बोर्डाला कान जोडलेले असले की धुवायचं नाही, एवढंच नवं.

आणि शेवटी एकच ओळ, "मुद्दाम मोडलंस असं मला एक क्षणही वाटलं नसतं." एवढीच. मग लगेच नमस्कार. तूही माझ्यासारखीच लिहितेस.

यंत्र परवा लावलं. आता कोरडं फडकं, देवाच्या तसबिरीखाली घडी करून ठेवलंय, आणि राकिया मिंकाकडे पाठवून दिलीय. काल चर्चमधून येताना वाटेत थांबले. मिंका म्हणाली, "काय झालं, गुडघा का?" मी तिला गप्प बसायला सांगितलं. कोकिळा होती. सणाच्या दिवशी ती ऐकली तर वर्ष चांगलं जातं म्हणतात, ते काही मला माहीत नाही. पण आवाज तिचाच होता. मधल्या वर्षांत ती येतच नाही असं मी धरून चालले होते. आणि पाद्री आळशी नाही. घंटा दोन वेळा वाजते, आणि बेसूर.

आता कामाचं.

पुढच्या शनिवारी मी येतेय. सोफियाच्या स्टँडवर ती बाई भोंग्यातून काय म्हणते ते ऐकून बस बदलीन. मिंका कोंबड्या बघेल. रोटीचं पीठ तू मळू नकोस, मी मळीन, तुझी रोटी दगड होते. मध आणतेय. टेबलावर काय मांडायचं ते मांड, कात्री, पुस्तक, कंगवा. मी माझी पक्कड आणतेय, पाय छाटायची, टोकं घासून बोथट केलीत, तोंडात घातली तरी काही होणार नाही. तुझ्या कारखान्यातला बारीक चिमटाही ठेव शेजारी. पोरीनं चिमटा उचलला तर मी काही म्हणणार नाही. फार नाही म्हणणार.

आणि सोमवारी मला तुझी भट्टी बघायचीय. वाकडा तुकडा आपला आपण सरळ होतो तो. मुद्दाम एक वाकडा ठेव, मी समोर उभी राहून बघेन. फसवलंस तर तिथेच सगळ्यांसमोर सांगेन.

त्याआधी एक काम कर. या रविवारी फोन कर. तो कधीच बिघडला नव्हता, तुला ते आधीच कळलं होतं आणि तू बोलली नाहीस, ठीक आहे. पोरीला मांडीवर घे. ती काय बोलते, बा की मा की नुसती फुंकर मारते, ते तिलाच बोलू दे, तू मधे बोलू नकोस.

आणि मी लगेच उचलणार नाही. रागावले असं समजून ठेवू नकोस. वाजू दे. तीन वर्षं तू दर रविवारी वाजवत होतीस, मला तो नुसता वाजतानाच थोडा वेळ ऐकायचाय.

तुझी आजी
गेना